जाम झालेले इंजिन आणि थांबण्याची मजुरी

तुमच्यापैकी कोणाच्या गोदामात, जिन्याखाली किंवा कारखान्याच्या मागच्या पडवीत जुनी जावा, येझदी किंवा बुलेट उभी असेल, वर्षानुवर्षे तिला कोणी हात लावला नसेल आणि आता किक मारली तर ती दगडासारखी घट्ट लागत असेल, तर पुढचा मजकूर नीट वाचावा. गाडी भंगारवाल्याला देण्यापूर्वी वाचावा, आणि मिस्त्रीला "संध्याकाळपर्यंत चालू करून दे" असे सांगण्यापूर्वी तर अवश्य वाचावा. असे सांगण्याची चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे.

मी कापडाचा व्यापारी. भिवंडीत ग्रे कापडाच्या खरेदी-विक्रीत माझी उमर गेली. मोटारसायकलीचा मी जाणकार नाही. परंतु आमच्या अब्बांची 1969 सालची जावा आमच्या घरी होती. तिच्या मागच्या सीटवर ताके बांधून अब्बा कल्याणपर्यंत जात. त्यांच्या पश्चात ती गोदामात उभी राहिली. भिवंडीची हवा दमट, पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो. वीस-बावीस वर्षांनी घरात लग्न निघाले आणि माझ्या मनात आले की दुल्ह्याच्या गाडीपुढे अब्बांची जावा चालली पाहिजे. लग्नाला पाच दिवस होते.

एका गॅरेजवाल्याला बोलावले. त्याने किकवर दोन-तीनदा उभे राहून पाहिले आणि म्हणाला, "शेठ, इंजिन पकडले आहे, आठ-दहा दिवस तरी सोडावे लागेल." मी म्हणालो, "आठ-दहा दिवस कसले? पैसे जास्त घे, पण परवा गाडी दे." त्याने माझे ऐकले. गाडीला दोर लावून टेम्पोला बांधली, गिअर टाकला आणि ओढली. मागचे चाक आधी घसरले, मग एकदम फिरले. इंजिनमधून एक आवाज आला आणि चाक पुन्हा थांबले. खोलून पाहिले तेव्हा रिंगा तुटलेल्या होत्या, एक तुकडा ब्लॉकच्या खिडकीत अडकला होता, कनेक्टिंग रॉड वाकला होता आणि इंजिनची केस ब्लॉकच्या बुडाशी तडकली होती. त्याच केसवर गाडीचा इंजिन नंबर कोरलेला असतो.

लोक त्या मिस्त्रीला दोष देतात. मी देत नाही. त्याने आठ-दहा दिवस मागितले होते, मी दोन दिवस दिले. हुनर त्याच्याकडे होता, वेळ माझ्याकडे होता, आणि तो मी दिला नाही.

ही जावा काय चीज आहे ते तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. जावा ही मूळ झेकोस्लोव्हाकियाची गाडी. आपल्याकडे म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनीने 1961 पासून ती बनवली. 1973 पासून तिचे नाव येझदी झाले आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा आणि 2022 मध्ये येझदी ही नावे नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणली. पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचे इंजिन जुन्या गाडीच्या कामाचे नाही. जुनी जावा टू-स्ट्रोक. एकच सिलिंडर, 65 मिलिमीटरचे बोर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, आणि एका सिलिंडरला दोन बाजूंनी दोन सायलेन्सर. तिचा जो भाग म्हैसूरहून आला तो आता पुन्हा तिथून येणार नाही. म्हणून जे हातात आहे ते मोडू न देणे हीच पहिली कमाई.

आता इंजिन जाम का होते ते पाहू. जाम दोन प्रकारचा असतो. पहिला चालत्या गाडीचा. पेट्रोलमध्ये तेल कमी पडले, किंवा कुठून हवा ओढली जाऊन मिश्रण कोरडे झाले, की पिस्टन तापून फुगतो आणि ब्लॉकला घासून बसतो. दुसरा उभ्या गाडीचा, आणि आपल्या गोदामांत असतो तो हाच. ब्लॉक लोखंडी, रिंगाही ओतीव लोखंडाच्या, पिस्टन मात्र ॲल्युमिनियमचा. टू-स्ट्रोकमध्ये ब्लॉकला खिडक्या असतात. पिस्टन जिथे थांबला असेल त्याप्रमाणे त्यातली एखादी खिडकी उघडी राहते आणि सायलेन्सरच्या वाटेने दमट हवा थेट आत शिरते. रिंगा ब्लॉकला गंजाने चिकटतात. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज येत नाही, पण त्यावर पांढरी बुकटी धरते आणि तीही फट भरून टाकते. असा गंज काही एका रात्रीत आलेला नसतो. वीस वर्षांत जमलेली वस्तू वीस मिनिटांत सोडवू म्हणणे हा हिशेबच चुकीचा आहे.

माझ्या गाडीची गत झाल्यानंतर वर्षभराने माझ्या एका सूत दलाल मित्राच्या जावाचे काम निघाले. त्याची 1971 ची गाडी, तिचीही तीच कथा. मी त्याला सांगितले, माझ्यासारखे करू नकोस. आम्ही एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी गाडीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "घाई आहे का? असेल तर दुसरीकडे न्या." मित्राने घाई नसल्याचे सांगितले. गाडी एकोणीस दिवस त्यांच्याकडे राहिली. मी जाता-येता थांबून पाहत असे. जे पाहिले ते लिहितो, कारण आपल्या मोहल्ल्यातील पोरे गॅरेजची लाइन धरतात आणि त्यांना हे कोणी सांगत नाही.

पहिल्या दिवशी चाचांनी फक्त तपासणी केली. किक हलत नाही म्हणजे पिस्टनच अडकला असे धरून चालत नाही. किकचे दाते अडकलेले असू शकतात, प्रायमरी चेन किंवा क्रँकचे बेअरिंग गंजलेले असू शकते. त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये घालून मागचे चाक फिरवले, ते फिरले. म्हणजे गिअरबॉक्सची शेवटची बाजू मोकळी. मग डाव्या बाजूचे कव्हर काढून क्लच आणि चेन उतरवली. उजव्या बाजूला क्रँकच्या टोकावर डायनॅमोचे आर्मेचर असते, त्याच्या बोल्टला पाना लावून हलक्या हाताने दाबून पाहिले. क्रँक हलला नाही. प्लग काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिले. पिस्टन जवळजवळ अर्ध्यावर थांबलेला, ब्लॉकच्या भिंतीवर तांबूस पट्टा. एवढे झाल्यावर हात पुसून म्हणाले, "आता कळले मर्ज कुठे आहे. आजचे काम झाले."

दुसऱ्या दिवसापासून भिजवणे सुरू झाले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते लाल तेल, ज्याला बाजारात एटीएफ म्हणतात, ते आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे. काही मिस्त्री डिझेल आणि इंजिन ऑइल वापरतात, त्यानेही काम होते, वेळ जास्त लागतो. टू-स्ट्रोकमध्ये एक मेख आहे. पिस्टन खाली असेल तर ओतलेले तेल उघड्या खिडकीतून सायलेन्सरमध्ये आणि केसमध्ये वाहून जाते आणि जिथे पाहिजे तिथे थांबत नाही. म्हणून त्यांनी दोन्ही सायलेन्सर उतरवले, ब्लॉकची दोन्ही तोंडे रबराच्या तुकड्यांनी बंद केली, कार्बोरेटर काढून मागच्या वाटेनेही थोडे तेल दिले आणि वरून प्लगच्या भोकातून पिस्टनवर तेल ओतले. रोज सकाळी एक बारीक काडी आत घालून तेलाची पातळी मोजत आणि गॅरेजच्या दारावर खडूने लिहून ठेवत. तीन दिवस पातळी तीच राहिली, फक्त ॲसिटोन उडून जाईल तेवढीच कमी. चौथ्या दिवसापासून ती ठळकपणे उतरू लागली. चाचा खूश झाले. पातळी उतरते म्हणजे तेलाने रिंगांच्या बाजूने वाट काढली.

इथे एक इशारा. ॲसिटोन पेट्रोलसारखे पेट घेते. ते आत असताना जवळ बिडी, वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत नको. पुष्कळ जणांना गॅसचा पंप लावून इंजिन तापवण्याची सवय आहे. ते दोन कारणांनी चूक. आगीचा धोका हे पहिले. दुसरे असे की, ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. 65 मिलिमीटरचा पिस्टन 100 अंशांनी तापला तर साधारण 0.14 मिलिमीटर वाढतो, लोखंडी बोर मात्र 0.07 मिलिमीटरच वाढते. म्हणजे दोन्ही एकत्र तापवले तर पिस्टन सुटण्याऐवजी अधिक घट्ट बसतो. तापवायचेच असेल तर आतले सगळे तेल काढून, कोरडे करून, फक्त ब्लॉक बाहेरून पटकन तापवावा आणि पिस्टनपर्यंत उष्णता पोचण्याआधी प्रयत्न करावा. हे उस्तादाचे काम आहे, शिकाऊ पोराचे नाही.

बाराव्या दिवशी चाचांनी आर्मेचरच्या बोल्टला पुन्हा पाना लावला. लांब पाइप लावून जोर केला नाही, कारण तो बोल्टच तुटला तर काम दुप्पट होते. प्लग काढलेलाच होता. थोडे पुढे, थोडे मागे, जेवढे देईल तेवढेच. त्या दिवशी केसभर हलले. त्यांनी लगेच पाना काढून ठेवला आणि पुन्हा तेल भरले. मी म्हणालो, "चाचा, हलले आहे, आता जोर लावा ना." ते हसले आणि म्हणाले, "शेठ, कपड्याला रंग चढायला वेळ लागतो ते तुम्हाला कळते. गंज उतरायला वेळ लागतो ते का कळत नाही?"

पंधराव्या दिवशी हेड काढले. पिस्टनवर बोरच्या मापाचा सागवानी ठोकळा ठेवून लाकडी मोगरीने हलके ठोके दिले, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने पाना फिरवला. ठोके सगळीकडे सारखे. लोखंडी हातोडी पिस्टनवर कधीच नाही, आणि क्रँकच्या टोकावर तर मुळीच नाही. जावाचा क्रँक दाबून जोडलेला असतो, एका घावाने त्याच्या चकत्या वाकड्या होतात आणि मग गाडी आयुष्यभर थरथरते. संध्याकाळी क्रँकने पूर्ण फेरा घेतला. काही तुटले नाही.

इंजिन सुटले म्हणजे गाडी चालू करायची, असे मात्र नाही. हा दुसरा मोह आहे आणि त्यानेही पुष्कळ इंजिने गेली. टू-स्ट्रोकचे क्रँक-बेअरिंग पेट्रोलमधल्या तेलावर जगते. गाडी उभी असताना केसच्या तळाशी ओल साचते आणि तेच बेअरिंग गंजते. वरून सुटलेले इंजिन खालून खराब असू शकते. म्हणून केस खोलून बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड पाहिलेच पाहिजे. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे रबरी सील वीस वर्षांत लाकडासारखे होतात. ते बदलले नाहीत तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण कोरडे होते आणि सुटलेले इंजिन पहिल्याच महिन्यात तापून पुन्हा जाम होते. ब्लॉकच्या भिंतीवर खड्डे पडले असतील तर बोर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. मित्राच्या गाडीला बोर करावेच लागले. शेवटच्या चार दिवसांत ते काम लेथवाल्याकडून करून आणले आणि इंजिन बसवले.

आणि काहीच केल्या सुटले नाही तर? चाचांचा नियम व्यापाऱ्याला पटेल असा आहे. स्वस्त वस्तूचा बळी द्यावा आणि महाग वस्तू वाचवावी. पिस्टन बाजारात मिळतो, म्हणून शेवटी पिस्टन कापून काढावा. केस आणि क्रँक वाचले पाहिजेत. आम्ही टेम्पोने ओढून नेमके उलटे केले. पाचशे-हजाराच्या पिस्टनसाठी नंबरची केस घालवली.

त्या नंबराची किंमत काय ते आता सांगतो. केंद्र सरकारने 2021 मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. 50 वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे आणि जिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नाही, तिला विंटेज वाहन म्हणून नोंदवता येते. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, नव्या नोंदीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, पुनर्नोंदणीची 5,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेसाठीच चालते. पण तिची पत राहते आणि शौकीन गिऱ्हाईक तिचा भाव करताना आधी इंजिनचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहतो. केस गेली की गाडी राहते, पण तिची साक्ष जाते.

आता मुद्द्याची गोष्ट, ज्यासाठी हा लेख व्यापाराच्या पानावर लिहिला. चाचांनी बिल दिले. तपासणी 500 रुपये, गाडी उभी ठेवून भिजवण्याचे एकोणीस दिवसांचे रोज 100 प्रमाणे 1,900, खोलणे-बसवणे 4,000, एकूण 6,400. बोर आणि सामान वेगळे. माझा मित्र 4,000 ला काही बोलला नाही, 1,900 वर अडला. म्हणाला, "एवढे दिवस गाडी नुसती उभी होती, त्याचे पैसे कसले?"

बंधूंनो, हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, आपल्या सगळ्या बाजाराचा आहे. मजूर-कारागिराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे आणि आपण ते अभिमानाने सांगतोही. पण ज्या दिवशी कारागीर घाम गाळत नाही, शहाणपणाने हात आवरून बसतो, त्या दिवसाचे काय? आपण घाव मोजतो, सबर मोजत नाही. मग मिस्त्रीही समजून चुकतो की घणाचे पैसे मिळतात, तेलाचे मिळत नाहीत. तो घण उचलतो. माझी गाडी त्या घणाने नाही, माझ्या हिशेबाने तुटली.

मला कोणी म्हणेल की अशी रोजाची मजुरी ठरवली तर मिस्त्री मुद्दाम दिवस लांबवतील. शंका बरोबर आहे. त्यावर उपाय आहे आणि तो आपल्या धंद्यातलाच आहे. प्रोसेसला माल देताना आपण चिठ्ठी करतो, तशी चिठ्ठी करावी. तपासणीचे पैसे वेगळे. भिजवण्याचे जास्तीत जास्त दिवस आधी ठरवावेत, समजा वीस, आणि त्यानंतर पुढे काय ते मालकाला विचारून करावे. तेलाची रोजची पातळी लिहून ठेवावी, म्हणजे मालकाला काम दिसते. जोर लावण्याआधी आणि पिस्टन कापण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी. जुने निघालेले भाग मालकाला परत द्यावेत. एवढे लिहिले तर तक्रारीला जागा उरत नाही, मिस्त्रीची रोजी सुरक्षित राहते आणि गाडीही वाचते. चाचांनी दारावर खडूने लिहिलेले आकडे दाखवले तेव्हाच माझ्या मित्राने 1,900 मुकाट्याने मोजले.

मिस्त्री भाईंनाही माझे सांगणे आहे. गिऱ्हाईक घाई करते म्हणून त्याच्या मनासारखे करू नका. "होत नाही" म्हणण्याची हिंमत ठेवा. मला त्या पहिल्या मिस्त्रीने ठामपणे नकार दिला असता तर मी त्या दिवशी रागावलो असतो, पण आज त्याचे नाव दहा जणांना सांगितले असते.

आणि ज्यांची गाडी अजून जाम झालेली नाही त्यांनी पावसाळ्यापूर्वी तीन कामे करावीत. टाकीतले पेट्रोल काढून टाकावे, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल ओल धरते. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. सायलेन्सरची तोंडे तेलकट कापडाने बंद करावीत. त्यानंतर दर आठवड्याला एकदा फेरा द्यावा. दोन मिनिटांचे काम आहे, एकोणीस दिवस वाचतात.

अब्बांची जावा अजून माझ्या गोदामात आहे. केस तडकलेली, नंबर अर्धा वाचता येतो. भंगारवाला दोनदा विचारून गेला, मी दिली नाही. ती कधी चालू होईल असे वाटत नाही. परंतु आता कोणी मला माल लवकर पाहिजे म्हणून घाई केली किंवा मीच कोणा कारागिराला घाई करू लागलो, की एकदा तिच्याकडे पाहतो आणि आधी विचारतो, "तुम्हाला किती दिवस लागतील?"